फिलेटची कुळकथा

लोखंडी ठोकळ्याची धार मोडायला फिटरला एक कानस आणि दोन मिनिटं पुरतात. संगणकाला तेच काम शिकवण्यात माणसांची एक अख्खी पिढी खपली, आणि धडा अजूनही पुरता गिरवून झालेला नाही. आज कॅडवर (संगणकी आरेखनाच्या प्रणालीवर) बसलेला कुणीही कडेवर क्लिक करतो, त्रिज्या ५ मिमी टाकतो, एंटर दाबतो. कड गोल होते. फिलेट नावाच्या या बटणाचं कूळ शोधत गेलं की मूळ पुरुष भेटतो तो कारखान्यात नव्हे, १८व्या शतकातल्या बर्लिनमध्ये.

१७५० साली तिथल्या लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने आपल्या गोल्डबाख या मित्राला पत्रातून कळवलं, की सपाट पृष्ठांच्या घनाकृतीचे कोपरे मोजा, त्यातून कडा वजा करा, पृष्ठं मिळवा. उत्तर २ येतं. ठोकळ्याला ८ कोपरे, १२ कडा, ६ पृष्ठं. आता त्याची एक उभी कड गोल करा. ती कड गेली, तिच्या टोकांचे दोन कोपरेही गेले. त्यांच्या जागी एक वक्र पृष्ठ आलं, त्याच्या चार कडा आल्या (दोन लांब सरळ, दोन आखूड कमानी) आणि चार नवे कोपरे आले. १० कोपरे, १५ कडा, ७ पृष्ठं. वजाबाकी-बेरीज करून पाहा, पुन्हा २च. आरपार भोक पाडलं तर सूत्राला पुरवणी जोडावी लागते, पण जमाखर्च जुळायलाच हवा हा नियम कायम.

हा जमाखर्च संगणकात उतरवला ब्रूस बॉमगार्टने, १९७२ च्या सुमारास. तो स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत होता आणि त्याला यंत्राचे भाग बनवायचेच नव्हते. संगणकाला कॅमेऱ्यातून वस्तू ओळखता याव्यात, एवढीच त्याची खटपट. त्याने आकाराची सगळी वही कडेभोवती मांडली. प्रत्येक कडेपाशी नोंद: टोकाचे दोन कोपरे, दोन्ही अंगांची दोन पृष्ठं, आणि शेजारच्या चार कडा. शिवाय आकार बदलण्याच्या क्रिया अशा बेतल्या की प्रत्येक पायरीनंतर ऑयलरचा हिशेब शाबूत राहावा.

त्याच काळात इंग्लंडात केंब्रिजला इयन ब्रेड ‘बिल्ड’ नावाची प्रणाली रचत होता. तिथेही घनवस्तू म्हणजे तिची सीमा: पृष्ठं, कडा, कोपरे. अमेरिकेत रॉचेस्टरला व्होल्कर आणि रेक्विचा यांचा पंथ वेगळा होता. त्यांच्याकडे वस्तू म्हणजे ठोकळे आणि नळकांडी यांच्या बेरीज-वजाबाकीचं सूत्र. गणित म्हणून ते जास्त देखणं, हे मान्य करायला हवं. पण त्या सूत्रात कडेची नोंदच नाही; ती दर वेळी काढावी लागते. नोंद नसलेली कड गोल कशी करणार? कॅडच्या बाजारात पुढे सीमेवाल्यांचं पारडं जड झालं, त्यात या अडचणीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. ब्रेडच्याच मंडळींनी पुढे ‘एसिस’ हे कॅडचं भूमितीचं इंजिन लिहिलं. त्या नावात ॲलन, चार्ल्स आणि इयन या तिघांची आद्याक्षरं आहेत, असं सांगतात.

वक्र पृष्ठ काढायची युक्ती मात्र अगदी साधी. दोन पृष्ठांना एकाच वेळी टेकलेला चेंडू कडेच्या लांबीभर घरंगळत न्यायचा. त्याच्या स्पर्शाच्या दोन रेषा म्हणजे नव्या कडा, आणि मधली वाट म्हणजे फिलेट. दोन्ही पृष्ठं सपाट असतील तर ती वाट नळकांड्याचा तुकडा निघते. काटकोनातल्या तीन कडांवर सारखीच त्रिज्या दिली तर कोपऱ्यात गोलाचा आठवा हिस्सा बसतो. तिन्ही त्रिज्या वेगळ्या असल्या की मात्र रड सुरू. आणि चेंडू शेजारच्या पृष्ठात मावेनासा झाला, की पडद्यावर लाल खूण येते.

सगळ्यात चिवट दुखणं यानंतरचं. सॅम्युअल गाइसबर्गने १९८५ मध्ये पीटीसी ही कंपनी स्थापन केली. तिच्या प्रो-इंजिनियर या कॅड प्रणालीने प्रत्येक कृती क्रमाने लक्षात ठेवायची पद्धत रूढ केली. आधीचं माप बदला, पुढचं सगळं नव्याने घडेल. छानच. पण समजा फिलेट ‘कड ७’वर दिलंय, आणि तुम्ही मागे जाऊन एक खाच वाढवलीत. नव्या मोजदादीत सात नंबर भलत्याच कडेला गेला. फिलेट एकतर चुकीच्या जागी उमटतं, नाहीतर मोडून पडतं. कडेला टिकाऊ ओळख कशी द्यायची, यावर १९९० च्या दशकात बरंच संशोधन झालं.

काहींनी कृतींचा हा इतिहासच झुगारला. २००० साली आलेल्या स्केचअपने पृष्ठ धरून ओढायची सोय नवख्यांच्याही हाती दिली. २००७ मध्ये स्पेसक्लेमने यंत्रभागांसाठी तोच मार्ग धरला, आणि ते उभं करणारा माइक पेन हा पीटीसीच्याच सुरुवातीच्या मंडळींपैकी! मधली वाट म्हणजे इतिहास हरवलेल्या, बाहेरून आलेल्या मॉडेलमधली भोकं आणि फिलेटं ओळखून त्यांना पुन्हा संपादनाजोगं करणं. सॉलिडवर्क्स या कॅड प्रणालीत हे काम करणारं फीचरवर्क्स घडवलं ते आपल्याकडच्या जिओमेट्रिकने, म्हणजे तेव्हा गोदरेज समूहात असलेल्या कंपनीने.

खुल्या स्रोताच्या फ्रीकॅडला कडांच्या नंबरांचं हे दुखणं वर्षानुवर्षं छळत होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती आली, तेव्हा त्यावरचा उतारा हा तिच्यातल्या मुख्य बदलांपैकी एक होता. दुखणं सौम्य झालंय, गेलेलं नाही. म्हणून जाणते डिझायनर नव्या पोरांना आजही बजावतात: फिलेट अगदी शेवटी घाल, आणि त्यातही मोठी त्रिज्या आधी.