सुक्कोत

सुक्कोत : ज्यू धर्मीयांचा शरद ऋतूतील सुगीचा सण. मराठी बायबलमध्ये याला ‘मंडपांचा सण’ म्हटले आहे. हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात तो सुरू होतो आणि सात दिवस चालतो. योम किप्पूरचा कडक उपास सुटला, की लगेच या सणाच्या झोपडीची, म्हणजे ‘सुक्का’ची, जमवाजमव सुरू होते.

सणाची मुळे दोन. बायबलमधील निर्गम आणि अनुवाद या ग्रंथांत तो खळे आणि द्राक्षकुंड यांची कामे उरकल्यानंतरचा आनंदोत्सव आहे. लेवीय ग्रंथाच्या 23व्या अध्यायात त्याला इजिप्तमधून सुटल्यानंतरच्या वाळवंटी भटकंतीची आठवण जोडली आहे. धान्य घरात आले, हातात पैसा खुळखुळू लागला, की नेमके त्याच आठवड्यात घरधन्याने पक्क्या घराबाहेर पडून झोपडीत जेवायचे, जमल्यास झोपायचेही. सणाची शिकवण प्रवचनांपेक्षा या सक्तीत आणि तिच्या बारीकसारीक नियमांत अधिक सापडते.

मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातील ‘सुक्का’ या प्रकरणात हे नियम आहेत. छप्पर जमिनीतून उगवलेल्या पण तोडलेल्या वस्तूंचे हवे. पत्रा, ताडपत्री किंवा जिवंत झाडाची सावली चालत नाही. आत उन्हापेक्षा सावली जास्त पडावी, तरी फटींतून चांदण्या दिसाव्यात असा संकेत आहे. उंची वीस हातांपलीकडे नको, कारण त्याहून उंच बांधकाम पक्केच करावे लागते. आजारी माणसाला झोपडीत राहण्यातून सूट आहे. पावसाने पेज नासू लागली तर सगळ्यांनाच घरात जाण्याची मुभा! भिजत बसण्यात पुण्य नाही, हे धर्मशास्त्राने इतक्या घरगुती मापाने ठरवावे, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे.

सणात चार वनस्पती एकत्र धरून हलवतात : खजुराची न उमललेली झावळी, मर्टलच्या तीन डहाळ्या, विलोच्या दोन डहाळ्या आणि एत्रोग. एत्रोग म्हणजे म्हाळुंग; कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते तेच फळ. जेरुसलेमच्या बाजारात गिऱ्हाईक भिंग लावून त्याच्या सालीवरचा डाग शोधते. पण डागापेक्षा मालकीचा दंडक कडक आहे. चोरलेली झावळी बाद, आणि पहिल्या दिवशी तर ती स्वतःचीच हवी.

याविषयी तालमूदमध्ये एक प्रसंग आहे. रब्बान गम्लिएल, रब्बी अकिवा आणि आणखी दोन विद्वान जहाजातून चालले होते. झावळी एकट्या गम्लिएलकडे; तीही हजार नाणी मोजून घेतलेली. त्याने विधी उरकून ती शेजाऱ्याला रीतसर भेट दिली, त्याने पुढच्याला, आणि चौथ्याकडून ती पुन्हा गम्लिएलकडे आली. ‘परत करण्याच्या अटीवर भेट’ ही युक्ती आजही अनेक सिनेगॉगांत वापरतात.

अनुवाद ग्रंथात या आनंदाचे वाटेकरी नोंदले आहेत : मुले, दास-दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीझने त्यावर सडेतोड भाष्य केले. दार लावून घरच्यांसह मेजवानी झोडणाऱ्याचा आनंद त्याच्या लेखी धर्माचा नव्हे, पोटाचा होता. अश्केनाझी परंपरेत सणाच्या शब्बाथला उपदेशक हा ग्रंथ वाचतात. संपत्ती आणि श्रम यांच्या नश्वरतेवरचे ते चिंतन ऐन सुगीत वाचले जाते, हे विशेष.

शहरी राहणीने सणाला नवी कोडी घातली. डोक्यावर दुसऱ्याची गॅलरी असेल, तर झोपडी ग्राह्य ठरत नाही. म्हणून इस्राएलमध्ये कित्येक इमारतींच्या गॅलऱ्या एकाखाली एक न ठेवता सरकवून बांधतात. मुंबईसारख्या ठिकाणी सिनेगॉगच्या आवारात सामाईक मांडव घालतात. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाचा तिश्रीतच येणारा ‘खिरीचा सण’ मात्र वेगळा.

सात दिवस संपल्यावर येणाऱ्या ‘शेमिनी अत्सेरेत’ला पावसाची प्रार्थना होते. पाऊस कोरडवाहू पिकाचा प्राण, तरी ती आधी करत नाहीत. झोपडीत बसलेल्यांना तेव्हा तो नकोच असतो.