मुसळ, गिरणी आणि संगणक

दिवाळीच्या अनारशांना तांदूळ भिजत घालताना तो कोणी सडला, हा प्रश्न आज कोणत्याही गृहिणीच्या मनात येत नाही. आमच्या गोंदियाच्या मुलखात धान हेच धन. तिथे एके काळी पहाटेच मुसळाचे घाव ऐकू येत. ते काम बायकांचे. हाताला घट्टे पाडणारे, पण हक्काचे.

मग आगगाडी आली. 1882 पर्यंत नागपूरहून निघालेला मीटरगेज रूळ गोंदियावरून राजनांदगावास पोचला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. धानाच्या पोत्यांना वाट मिळाली आणि गोंदियात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. शुभ्र तांदूळ आला, मुसळे कोपऱ्यात गेली.

त्या शुभ्रतेची किंमत मात्र होती. जावा बेटात आइकमन या डच डॉक्टरास 1890 नंतर दिसून आले, की सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा मिळताच त्या सावरतात. या शोधाबद्दल त्यांना 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. इकडे गांधीजींनी 1934 मध्ये वर्ध्यास ग्रामोद्योग संघ काढला व हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. 1958 मध्ये तर भातगिरण्यांसाठी कायदाच झाला. नव्या गिरणीस परवानगी देताना त्या भागात मोठी बेकारी ओढवेल काय, हेही सरकारने पाहावे, असे त्यात होते. 1997 मध्ये तो कायदा रद्द झाला.

त्याच सुमारास दुसरे यंत्र दाराशी आले होते. आमच्याच विदर्भातले, अकोला जिल्ह्यातील मुरुंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास 1991 मध्ये ‘परम’ हा महासंगणक तयार झाला. मला त्याचा अभिमान वाटतो. मजसारख्या शिक्षकाचे कितीतरी विद्यार्थी आज पुण्या-हैदराबादेस संगणकावर पोट भरतात. पण 2022 च्या अखेरीपासून सांगितले की आज्ञावलीही स्वतःच लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत. आजीच्या हातचे मुसळ गेले, आता नातवाच्या बोटांखालची कळही जाईल की काय, अशी भीती घरोघर बोलली जाते.

वाचकहो, मी यंत्राचा वैरी नाही. आपल्या लेकीला पुन्हा उखळाशी बसवावे, असे कोणत्या आईस वाटेल? परंतु कांडणाऱ्या बायकांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. त्यांचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही. नातवाच्या बाबतीत तसे होऊ नये. कायदा रद्द झाला म्हणून त्यातला प्रश्न रद्द होत नाही. यंत्र किती जलद चालते, हे विकणारा सांगेलच. रिकामे झालेले हात कोठे जातील, हे आपणच विचारले पाहिजे, आणि तेही यंत्र दारात येण्याआधी.