रेल्वेने टाळलेले गाव

सिडनीच्या नैर्ऋत्येला सुमारे 130 किलोमीटरवर, ग्रेट डिव्हायडिंग रेंजच्या पठारावर बेरिमा नावाचे गाव आहे. वस्ती हजाराच्या आत. मराठी प्रवासी या भागात येतो तो बहुधा शेजारच्या बाउरलला, ब्रॅडमनचे संग्रहालय पाहायला. ते पाहून झाले की अर्धा दिवस हाताशी उरतो आणि गाडी बेरिमाकडे वळते. तिथे चहा होतो, दगडी इमारतींपुढे फोटो निघतात आणि मंडळी परत फिरतात. लहान गावांच्या इतिहासाकडे मी वाचकाला बोलावतो आहे, तो त्या उरलेल्या अर्ध्या दिवसातूनच.

दक्षिणेकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यावर जिल्ह्याचे ठाणे हवे, असे सर्व्हेअर जनरल थॉमस मिचेलने ठरवले आणि 1830 च्या सुमारास रॉबर्ट हॉडलने गावाची आखणी केली. मेलबर्नचे काटकोनी रस्ते आखणारा हॉडल तो हाच. गावाचे नाव मूळ रहिवाशांच्या भाषेतून घेतले. जमीन ज्या गंडुंगुरा लोकांची होती, त्यांना मात्र त्या नकाशात जागा नव्हती. वसाहतीतल्या कुठल्याही गावाचा अभ्यास करताना ही गोष्ट पहिल्या पानावरच लिहून ठेवावी. पुढे सुंदर इमारतींच्या नादात ती हमखास विसरते.

इमारती सुंदर आहेत हे खरेच. वालुकाश्मातले तुरुंग आणि न्यायालय 1830 च्या दशकातले, दोन्ही 1839 पर्यंत उभी राहिलेली. तुरुंग बांधला तो पायांत बेड्या असलेल्या कैद्यांनी. त्याच दशकात आपल्या महाबळेश्वरातही इंग्रजांनी तुरुंग बांधला होता. तिथे चिनी आणि मलायी कैदी ठेवले जात, त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेतली जात आणि विलायती भाजीपाल्याची लागवडही त्यांच्याच हातून झाली. थंड हवा आणि बेड्या यांची ही जोडी योगायोगाने जमलेली नाही. आणखी एक छोटा धागा : इथल्या कॅथलिक चर्चचा आराखडा ब्रिटिश पार्लमेंटची अंतर्सजावट करणाऱ्या प्यूजिनचा, आणि ते ज्यांच्या नावाने आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्यात चिरविश्रांती घेत आहेत.

मग गावाचे दिवस फिरले. 1850 मध्ये मोठ्या खटल्यांचे न्यायालय गोलबर्नला हलले. 1867 मध्ये रेल्वे आली, पण मिटागाँग, बाउरल, मॉस व्हेल अशी, बेरिमाला बगल देऊन. ज्या गावांना स्टेशन मिळाले तिथे जुने पाडून नवे बांधायला पैसा आला. बेरिमाकडे पाडायलाही पैसा नव्हता! आज ज्याला आपण वारसा म्हणून मिरवतो, तो पुष्कळदा गरिबीने सांभाळलेला असतो. या क्षेत्रात रमायचे असेल, तर काय घडले याइतकेच काय घडायचे राहून गेले हेही विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते.

माझ्या मते बेरिमाचा सर्वांत विलक्षण काळ पहिल्या महायुद्धातला. 1915 ते 1919 या तुरुंगात तीनशेहून अधिक जर्मन स्थानबद्ध होते. बहुतेक व्यापारी जहाजांवरचे, काही एम्डेन या युद्धनौकेवरचे. सप्टेंबर 1914 मध्ये मद्रासवर तोफा डागणारी एम्डेन ती हीच. ही माणसे रात्री कोठडीत आणि दिवसा गावात मोकळी. दर्यावर्दीच ती, त्यांनी विंजकॅरिबी नदी अडवून पाणी साठवले, काठावर झोपड्या बांधल्या, बागा फुलवल्या, होड्या तयार केल्या आणि सजवलेल्या नावांचे जलोत्सव भरवले. काहींच्या बायका-मुलांनी गावातच बिऱ्हाड केले. शत्रू म्हणून आणलेल्या माणसांमुळे पेंगुळलेल्या गावाला पुन्हा जाग आली. युद्ध संपल्यावर त्यांना जर्मनीला पाठवून दिले. गावच्या इतिहास मंडळाच्या संग्रहालयात हा सारा काळ पाहायला मिळतो; राष्ट्राच्या इतिहासात त्याला जेमतेम एखादी ओळ मिळते. स्थानिक इतिहासाचे काम सुरू होते ते अशा ओळीपाशी.

नव्या अभ्यासकाला एक सावधगिरीही सांगायला हवी. गावे ‘पहिले’ आणि ‘सर्वांत जुने’ या शब्दांवर जीव टाकतात. इथली सर्व्हेअर जनरल इन 1830 च्या दशकातली, आणि ती देशातली अखंड परवाना असलेली सर्वांत जुनी खानावळ-मद्यगृह असल्याचे अभिमानाने सांगतात. तोच मान इतर गावांतली मद्यगृहेही आपल्याकडे ओढतात. वाद घालण्यात अर्थ नाही. गावाला हा मान का हवासा वाटतो, ते पाहावे. 1989 मध्ये महामार्गही गावाबाहेरून गेला. ट्रक गेले, शांतता आली, आणि त्या शांततेवर जुन्या काळाची आवड असलेले पर्यटक आले. तेव्हापासून जुनेपण हाच गावाचा धंदा आहे.

पण ‘रेल्वे चुकली आणि गाव थिजले’ हे सूत्रही फार ताणू नये. तुरुंगाच्या बाहेरच्या भिंतीवर बैलाचे एक धातूचे डोके बसवलेले आहे. त्याच्या तोंडातून पाणी पडे आणि वाटसरूंचे घोडे ते पीत. ते बसवले 1877 मध्ये, रेल्वे दुसरीकडून गेल्यानंतर तब्बल दहा वर्षांनी.