उधारी जुनीच, जामीन नवा
शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीजवळचा दुकानदार कार्ड घेतो, तेव्हा गिऱ्हाईक कुठल्या गावचे, पगार कधी, याची चौकशी करत नाही. क्रेडिट कार्डाने उधारी शोधली नाही, जामीन बदलला. किराणा दुकानाच्या वहीत नावापुढे आकडा पडे तो ओळखीवर. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाहेरगावच्या कामगाराकडे ती ओळख नसते. तिच्या जागी बँक उभी राहते: कमिशन कापून दुकानदाराचे पैसे देते आणि वसुलीची डोकेदुखी स्वतःकडे घेते. हे काम हुंडी पूर्वीच करत होती, असे कुणी म्हणेल. परगावी पत हुंडीनेही चालवली खरी, पण ती मुख्यतः पेढ्यांची आणि व्यापाऱ्यांची. पगारदाराला तिचा काय उपयोग? त्याच्यापर्यंत पत पोचवली ती अमेरिकेतल्या बँकांनी. 1950 च्या डायनर्स क्लब कार्डानंतर 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकेने फ्रेस्नो शहरात सुमारे 60,000 कार्डे न मागता टपालाने धाडली, आणि बुडीत उधारीने हातही पोळून घेतले. भारतात 1980 मध्ये सेंट्रल बँकेचे कार्ड आले.

मग सावकार सुटला का? 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. कार्ड तसे वेगळे: बिल मुदतीत पूर्ण भरणाऱ्याला व्याज नाही, ही सवलत सावकाराने कधी दिली नव्हती. पण ‘किमान रक्कम’ भरून बाकी ओढत राहिले, की महिन्याला तीन-साडेतीन टक्केही लागतात. हा दर सावकारी नाही असे म्हणणे धाडसाचे. शिवाय आता जाळायला खतच नाही. थकबाकीची नोंद 2000 साली स्थापन झालेल्या सिबिलकडे जाते आणि पुढे घरकर्ज देणारी बँक आधी तीच उघडते.