उल्मची वाट, पवनेचा उतार

माझा भाचा जर्मनीत उल्म या गावी असतो. हिंजवडीतल्या नोकरीनं त्याला दोन वर्षांसाठी तिकडं धाडलं, त्याला आता सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. ‘मामा, जूनमध्ये या. डॅन्यूब नदीतून होडीनं जाऊ. उल्म ते पासाऊ, बारा दिवस.’ होडी म्हणजे कनू, दोघांनी बसून वल्हवायची लांबट, निमुळती होडी. मी पासष्टीचा, जन्म मारुंजीचा. गावाच्या उत्तरेला पवना, दक्षिणेला मुळा. तरी नदीतून मी आजवर कुठंही गेलेलो नाही. नदी ओलांडली मात्र शेकडो वेळा.

भाच्यानं नकाशा पाठवला. डॅन्यूबवरचे किलोमीटर समुद्राकडून मोजतात. काळ्या समुद्रावर सुलिना इथं शून्य, उल्मला सुमारे २५८८, पासाऊला २२२६. आपण पुढं जावं तसा आकडा उतरत जातो. वजाबाकी केली, ३६२ किलोमीटर. रोज तीस धरले की बारा दिवस होतात. वाटेत विजेसाठी बांधलेले बंधारे आहेत. तिथं होडी चाकांच्या गाड्यावर चढवून पलीकडं न्यायची. केलहाइमच्या पुढं मालवाहू बोटी सुरू होतात, कारण १९९२ मध्ये पुरा झालेला कालवा तिथं मिळतो आणि थेट ऱ्हाइनच्या खोऱ्यापर्यंत जलमार्ग होतो. कुठं मुक्काम, कुठं वाणसामान, सगळं त्याच्या वहीत मांडलेलं.

या वहीला जुना आधार आहे. उल्मच्या सुतारांनी शेकडो वर्षं ओबडधोबड फळ्यांच्या सपाट होड्या बांधल्या. प्रवास एकाच दिशेचा. प्रवाहाविरुद्ध परत ओढत आणणं परवडत नसे, म्हणून व्हिएन्नाला पोचलं की होडी मोडून लाकूड म्हणून विकून टाकायची. अठराव्या शतकात हजारो जर्मन कुटुंबं अशाच होड्यांतून हंगेरीत वसायला गेली. पुढं १९३२ मध्ये ऑस्कर स्पेक नावाचा बेकार तरुण उल्मलाच घडीची कयाक घेऊन पाण्यात उतरला. सायप्रसला खाणीत काम मिळेल, एवढाच बेत. पण गडी थांबलाच नाही. इराणचं आखात, कराची करत तो आपल्या पश्चिम किनाऱ्यानं १९३५ मध्ये श्रीलंकेला पोचला. सप्टेंबर १९३९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या बेटावर उतरला, तेव्हा युद्ध सुरू झालेलं. जर्मन म्हणून त्याला कैदेत टाकलं. सात वर्षं वल्हं मारून पदरात तुरुंग!

हे वाचताना आमच्या नावाड्याची आठवण झाली. माझं आजोळ पवनेपलीकडं. पावसाळ्यात नावेनं जायचं. नावाडी आधी काठाकाठानं नाव वर ओढून न्यायचा, मग प्रवाहात सोडायचा. पाणी आम्हाला तिरकं वाहून नेत बरोबर समोरच्या घाटाला लावायचं. मोबदला रोख नसे, सुगीला धान्य. पण त्या नावेनं पंढरपूरला जावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. आपली भाषाही तेच सांगते. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. भोपळे किंवा दोन नावा एकत्र बांधून केलेली ती सांगड. पैलतीर तर अभंगांपासून घरोघरी पोचलेला. नदीच्या लांबीनं जाण्यासाठी असा घरगुती शब्द मला तरी सुचत नाही.

याचं कारण पाण्यात आहे. डॅन्यूबला लेख, इझार, इन या नद्या आल्प्सचं वितळलेलं बर्फ ऐन उन्हाळ्यात आणून देतात. सह्याद्री आपलं सगळं दान चार महिन्यांत उधळून मोकळा होतो. पावसाळ्यात नदीत उतरण्याची छाती नाही, उन्हाळ्यात उघडे खडक. मराठी फौजाही दसऱ्याचं शिलंगण करून निघत, नद्या उतरल्यावर. नदी ही वाट नव्हती, वाटेतली अडचण होती.

वाट करायचा एक मोठा प्रयत्न झाला, तो गोदावरीवर. सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेनुसार वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा बोटीनं समुद्राला न्यायचा होता. सिरोंच्याच्या दोन्ही अंगांना खडकांचे अडसर होते, त्यांना बगल द्यायला कालव्यांची कामं निघाली. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये काम गुंडाळलं गेलं.

आमच्या मुळेची गोष्ट आणखी निराळी. मुळशीच्या धरणानं तिचं पाणी सह्याद्रीपलीकडं भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. त्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला. पवनेचं मात्र उलटं झालं. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. म्हणजे शहराची तहान भागवताना या पट्ट्यात नदी बारमाही झाली! हे लक्षात आलं तेव्हा मी वही घेऊन बसलो. रावेतच्या खाली नदीत काय काय वाहतं ते इथं सांगत नाही, सकाळची वेळ आहे.

भाच्याला कळवलं, जूनमध्ये येतो. पण दिवाळीत तू इकडं ये आणि आधी गहुंजे ते रावेत एवढं तरी जाऊ. परवानगी कुणाची लागते, याची चौकशी सुरू आहे. खडक कुठं आहेत ते विचारायला मी नावाड्याच्या नातवाला गाठलं. तो आता हिंजवडीत कंपनीची बस चालवतो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काका, पलीकडं जायला पूल झालाय की. नदीतून कशाला?’ पलीकडं नाही रे, खाली जायचंय, म्हटलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आज्याचा घाट कुठं होता ते दाखवतो, रविवारी सुट्टी आहे.