पाइपवाल्यांचं घराणं

स्लॅब पडून महिना झाला आणि ड्रेनेजचा पाइप नेमका बीमला आडवा आला. बीम स्ट्रक्चरलच्या ड्रॉइंगवर, पाइप प्लंबिंगच्या. दोघांची गाठ पडली ती थेट साइटवर. कोअर कटिंगवाल्याने पाणी सोडत काँक्रीट कापलं, तर भोकात सळईचं ताजं कापलेलं, चकाकतं टोक दिसलं. तेव्हापासून मी 'बीआयएम'ची, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगची कुळी शोधतो आहे.

रूढ वंशावळ पिट्सबर्गला सुरू होते. तिथे 1974च्या सुमारास चार्ल्स ईस्टमन यांनी इमारतीचं वर्णनच संगणकात साठवायची कल्पना मांडली : बदल एकदा करायचा, सगळी ड्रॉइंग्ज त्यातून निघतील. मान त्यांचाच. पण कल्पना सुचणं वेगळं आणि वंश चालणं वेगळं.

वंश चालला बुडापेस्टमधून. तिथे गाबोर बोयार यांनी 1982 साली ग्राफिसॉफ्ट काढली, आणि सुरुवातीचं काम मिळालं ते पाक्श अणुवीज प्रकल्पातल्या पाइपांचं त्रिमित मॉडेल करण्याचं. घर नाही, बंगला नाही, पाइप! पुढे 1984 साली ॲपलच्या लिसा संगणकासाठी 'रडार-सीएच' हे सॉफ्टवेअर आलं. तेच आजचं आर्किकॅड. माझा कयास असा की हे घडणारच होतं. भिंत दोन रेघांत भागते. पाइपाला व्यास असतो, उतार असतो, फ्लँज असते. कागदावर तो खोटं बोलतो, जागेवर बोलू शकत नाही.

यावर कुणी रेव्हिट या दुसऱ्या बीआयएम सॉफ्टवेअरचा दाखला देतील. पण ते उभं करणारे लिओनिद रायझ आणि अर्विन युंगराइस आले यंत्रभागांच्या सॉफ्टवेअरमधून. म्हणजे तीही शाखा आर्किटेक्टच्या घरची नव्हेच.

नावाचा वाद निराळा. 1986मध्ये रॉबर्ट एश 'बिल्डिंग मॉडेलिंग' म्हणाले. मधला 'इन्फर्मेशन' घालून पूर्ण नाव छापलं ते फान नेडरवेन आणि टोलमन या डच जोडीने, 1992च्या निबंधात. जेरी लायसरिन यांनी 2002च्या सुमारास ते गाजवलं, म्हणून पुष्कळजण श्रेय त्यांना देतात; मला ते पटत नाही. डच निबंधाचा विषयच एका इमारतीकडे पाहणाऱ्या अनेक नजरा हा होता. बीमवाल्याची एक, पाइपवाल्याची दुसरी. माझ्या साइटवरचं भांडण नेमकं हेच.

नागपूर मेट्रोत महामेट्रोने फाइव्ह-डी बीआयएम वापरलं : तीन मितींवर चौथी वेळेची, पाचवी खर्चाची. आमच्याकडे मात्र पाइपासाठी सोडायच्या स्लीव्हची जागा अजून शटरिंगवर खडूने आखतात. निदान त्याआधी दोन्ही ड्रॉइंग्ज एकमेकांवर ठेवून बघा.