इंजिन का ठोकत होतं?

गॅरेजमध्ये प्रत्येक आवाजाला नाव असतं. वरून हलकी टिकटिक येत असेल तर टॅपेट. खालून जड ठोके येत असतील आणि जोर दिल्यावर ते वाढत असतील तर बेअरिंग. उस्ताद लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतो, मूठ कानाच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. मग एकेका प्लगची वायर काढून पाहतो. जी वायर काढल्यावर ठोका मंदावतो, दोष त्या सिलिंडरमध्ये. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तीच ही युक्ती. फक्त डॉक्टरकडे पदवी होती आणि आमच्या मोहल्ल्यातला उस्ताद चौथीत शाळा सोडून आलेला.

पण एक आवाज असा आहे की तो कुठल्याच सुट्या भागाचा नसतो. गाडी चढावर असते, गिअर न बदलता आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखी खडखड ऐकू येते. हे नॉकिंग. इंजिन उघडून पाहिलं तर सगळं जागच्या जागी. या आवाजाचं निदान करताना जे घडलं, ते आपल्या पोरांच्या हातापर्यंत पोहोचलं, म्हणून हा लेख.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत चार्ल्स केटरिंग हा इंजिनिअर नावाजलेला होता. हँडल न मारता गाडी सुरू करणारा त्याचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याच गाड्यांत बॅटरीवरचं इग्निशनही त्याचंच होतं, त्यामुळे इंजिन ठोकू लागलं की बोट त्याच्याकडेच वळे. त्याने १९१६ साली ओहायोतल्या डेटन इथे थॉमस मिजली या तरुणाला कामाला लावलं: हा आवाज नेमका कशाचा, ते शोध.

मिजलीने सिलिंडरमधल्या दाबाची हालचाल फिल्मवर टिपली. ठोका ठिणगीच्या आधी नव्हे, नंतर येत होता. म्हणजे इग्निशन निर्दोष. प्लगपाशी ज्योत पेटते आणि पसरत जाते. तिच्यापुढे दाबला गेलेला उरलेला वायू ज्योत पोहोचण्याआधीच एकदम स्वतःहून पेटतो. दाबाची लाट धातूवर आदळते, ती आपल्याला ऐकू येते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोही याच निष्कर्षाला आला होता. दोष लोखंडात नव्हता, इंधनात होता.

पुढची गंमत उस्ताद लोकांना आवडेल. बर्फातही फुलणाऱ्या एका रोपाची पानं तांबूस असतात, कदाचित लाल रंग उष्णता शोषत असेल, तेव्हा इंधनच लाल करून पाहू, असा तर्क निघाला. रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन टाकलं आणि ठोका थांबला! मग खरे लाल रंग आणून टाकले, काही फरक नाही. तर्क चुकीचा, उपाय बरोबर. आयोडीन महाग आणि इंजिन गंजवणारं, म्हणून शोध चालू राहिला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, टाकलं आणि अगदी थोड्या मात्रेत इंजिन शांत झालं.

अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग थांबतं, हे याच लोकांना ठाऊक होतं. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्याचं पेटंट कोण देणार? (आज आपल्याच साखर कारखान्यांचं इथेनॉल पेट्रोलमध्ये पडतंय.) शिसं विष आहे हे तर रोमन काळापासून माहीत होतं. म्हणून विक्रीचं नाव ठेवलं ‘एथिल’. नावात शिसं नाहीच. १ फेब्रुवारी १९२३ ला डेटनच्या एका पंपावर विक्री सुरू झाली.

ते बनवणारे कामगार हवेत नसलेले किडे पकडू लागले. न्यू जर्सीतल्या एका कारखान्याच्या इमारतीला कामगारांनीच ‘फुलपाखरांचं घर’ असं नाव दिलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये बेवेच्या रिफायनरीत पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्याच महिन्यात मिजलीने न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर चोळलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. स्वतः तो शिशाच्याच बाधेने आधीच्या वर्षी रजेवर होता, हे त्याने तिथे सांगितलं नाही. हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी कडाडून विरोध केला. १९२५ ची सरकारी परिषद झाली, समिती बसली आणि विक्री पुन्हा चालू झाली.

ते हात चोळणं वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतले शागीर्द आठवले. ग्रीस काढायला पेट्रोलने हात धुणारे, टाकीत नळी घालून तोंडाने पेट्रोल ओढणारे, थुंकून हसणारे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये शिसं लिटरमागे एक ग्रॅमहूनही कमी असे, मिजलीच्या बाटलीशी त्याची तुलना नाही. पण मिजलीचा तमाशा मिनिटभराचा होता. या पोरांचं रोजचं होतं, वय दहा-बारा, शेडमध्ये धूर कोंडलेला, आणि शिसं लहान मेंदूचंच जास्त नुकसान करतं. त्यांच्यातला एखादा पाढे विसरायचा तर ‘याचं डोकंच चालत नाही’ म्हणून आपणच त्याला शाळेतून काढून गॅरेजात धाडलेलं. उलट चक्र होतं की काय, हा प्रश्न आपल्या समाजाच्या शिक्षणावर बोलताना मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. देशभर शिसं बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. जगात सर्वात शेवटी रेंगाळलेले तीन देश कोणते? येमेन, इराक आणि अल्जीरिया. हे संयुग बनवणाऱ्या इनोस्पेक कंपनीने २०१० साली अमेरिका आणि ब्रिटनच्या न्यायालयांत कबुली दिली की विक्री चालू राहावी म्हणून इराक व इंडोनेशियातल्या अधिकाऱ्यांना लाच दिली होती. गोऱ्यांच्या कंपनीला शिव्या देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. लाच घेणारे हात आपल्यातलेच होते आणि धूर त्यांच्याच शहरातली लेकरं घेत होती.

अल्जीरियातल्या पंपांवर ते जुलै २०२१ पर्यंत विकलं जात होतं.